राजीनाम्यासाठी एकवीस माणसं

चंद्रभागाबाई सरवदे यांना मंडळ सोडायला अडीच वर्षं लागली. तेवढ्या अवधीत पुण्यात माणसं नोकरी सोडतात, घर विकतात, काडीमोड घेऊन दुसरं लग्नसुद्धा उरकतात. पण ते मंडळ साधंसुधं नव्हतं. ते आरेखकांचं मंडळ होतं, म्हणजे इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समन लोकांचं. आणि त्याचे कार्यवाह श्याम खासनीस होते.

बाई मूळच्या बोपोडीच्या. वडील तात्याराव वानखडे अकोल्याकडून येऊन खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले आणि तिथेच निवृत्त झाले. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्याखालच्या फळीवर कापडात बांधलेली भारताची घटना. दर रविवारी तात्याराव ती सोडून दोन पानं मोठ्याने वाचायचे. मुलीला कळो न कळो. "घटना वाचत जाय, पोरी," ते म्हणायचे. "वाचनाऱ्याले कोनी उठवू शकत नाही." मुलगी औंधच्या आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स करायला गेली तेव्हा वर्गात चोवीस मुलं आणि ही एकटी. शिक्षकांनी विचारलं, "बाई, शिवणकामाचा वर्ग शेजारी आहे, माहीत आहे ना?" तिने प्रॉस्पेक्टस उघडून दाखवलं. त्यात मुलींनी येऊ नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पुढे एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी लागली, टेलिफोन खात्यातल्या संपत सरवद्यांशी लग्न झालं, आणि १९८१ साली त्या मंडळाच्या सभासद झाल्या.

मंडळाची जागा कसबा पेठेत, नकाशांच्या प्रती काढून देणाऱ्या गेनबा शितोळ्यांच्या अमोनिया प्रिंटच्या दुकानावर. लोखंडी जिना चढून जायचं, आणि वर पोहोचेपर्यंत खालच्या अमोनियाने डोळ्यांना पाणी आलेलं असायचं. नवा सभासद पहिल्यांदा येई तेव्हा गहिवरल्यासारखा दिसे. सभासदांच्या ओळखपत्रावर 'श्री.' छापलेलं होतं, कारण बाई सभासद होतील असं छापणाऱ्याच्या मनात आलं नव्हतं. खासनिसांनी ते कार्ड घेतलं, 'श्री'पुढचं टिंब ब्लेडने खरवडलं आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात 'मती' असं जोडलं.

"श्री मंडळाची," ते कार्ड देताना म्हणाले, "मती आपली आपण आणलेली आहे, ती सांभाळा."

इतर सभासदांनी आडनाव दोनदा विचारलं, मग गाव विचारलं, मग बोपोडीत नेमकं कुठे ते विचारलं, आणि मग काही न बोलता चहाचा कप पुढे केला. खासनिसांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी फक्त आयटीआयचं मूळ प्रमाणपत्र मागितलं, आणि झेरॉक्सवर सही नाही म्हणून बाईंना परत पाठवलं. बाईंना ते फार आवडलं. खासनीस सगळ्यांनाच छळायचे, आणि सगळ्यांना अगदी सारखं छळायचे. एवढी समानता बाईंना तोवर शहरात दुसरीकडे कुठे भेटली नव्हती.

आणि १९८२ सालची गोष्ट तर त्या कधी विसरल्या नाहीत. मुलगी कल्याणी झाली, बाई तीन महिन्यांनी कामावर गेल्या, तर त्यांच्या टेबलावर दुसराच माणूस. साहेब म्हणाले, "अहो, तुम्हीच आता बाळाकडे बघा." बाई सरळ कसबा पेठेत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता खासनीस साहेबांच्या ऑफिसात जाऊन बाकावर बसले. बरोबर डबा आणि मंडळाची घटना. साहेबांनी विचारलं, "काय काम आहे?" खासनीस म्हणाले, "काम काही नाही. आपण सरवदे बाईंना कधी परत घेताय, ते बघायला बसलोय." चार दिवस बसले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला उभं राहून नमस्कार करायचे आणि आपण का बसलोय ते शुद्ध मराठीत समजावून सांगायचे. पाचव्या दिवशी बाईंचं टेबल त्यांना परत मिळालं.

असं मंडळ कोण कशाला सोडेल?

पण नव्वदीनंतर काळाचे पाय फारच लांब झाले. आधी शहरात मोटारी वाढल्या, मग परदेशी पेयं आली, मग ऑफिसात एक दिवस खोक्यातून कॉम्प्युटर आला. साहेबांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि चंद्रभागाबाईंना म्हणाले, "सहा महिन्यांत यावर नकाशे काढता आले पाहिजेत. नाहीतर ड्रॉइंग बोर्ड बाहेर ठेवायचाच आहे, त्याच्याबरोबर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. सज्जन माणूस.

बाईंनी टिळक रोडवरच्या एका क्लासमध्ये सकाळी सातची बॅच धरली. बाजूला विशीतली मुलं बसायची. बाई अडतीस वर्षांच्या. पहिला आठवडा माउस हातातून उंदरासारखाच पळत होता. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एक भिंत काढली, तिसऱ्या आठवड्यात ती पुसून परत काढली, आणि कागद न खरवडता चूक दुरुस्त होते हे पाहून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मुद्दाम आणखी चार चुका केल्या.

चौथ्या आठवड्यात त्यांना मागच्या रांगेत मफलर गुंडाळलेला एक माणूस दिसला. दिवस मे महिन्याचे होते. मफलर खाली सरकला तेव्हा आत गेनबा शितोळे निघाले. गेनबा म्हणजे मंडळाचे खजिनदार आणि खालच्या प्रिंटच्या दुकानाचे मालक.

"पुतण्यासाठी चौकशी करायला आलो होतो," गेनबा म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या.

गेनबांची चौकशी पुढे तीन महिने चालली. हळूहळू मंडळाचे आणखी चार-पाच जण वेगवेगळ्या पुतण्यांसाठी येऊ लागले. सगळे भिंतीकडे तोंड करून बसत आणि सुटल्यावर एकेकटे खाली उतरत.

त्याच वर्षी, १९९६च्या ऑक्टोबरात, मंडळाने ठराव केला: दहा माणसांची भाकरी एका यंत्राने खाऊ नये म्हणून कोणाही सभासदाने कॉम्प्युटरवर नकाशे काढू नयेत, काढल्यास सभासदत्व सभेने रद्द करावे. खासनिसांनी ठराव वाचला. त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता, कारण ते कुठल्याच क्लासला जात नव्हते. गेनबांनी अनुमोदन दिलं. सातच्या बॅचचे सगळे पुतणेप्रेमी हात वर करून बसले. बाईंनी एकट्यांनी हात खाली ठेवला आणि गेनबांकडे पाहिलं. गेनबा पंख्याकडे पाहत होते.

आता बाईंपुढे दोनच वाटा होत्या. इतरांसारखं मफलर गुंडाळून राहायचं, किंवा बाहेर पडायचं. घरी संपतराव म्हणाले, "अगं, ते मंडळ म्हणजे एक खोली, एक पंखा आणि एक खासनीस. सोडून दे की."

"तो एक खासनीस चार दिवस बाकावर बसला होता," बाई म्हणाल्या.

"मग राहा."

"राहून खोटं बोलू?"

संपतरावांनी पेपर उघडला. या घरात दोन्हीकडचं बोलण्याचं काम बायकोच करते, हे त्यांना केव्हाच कळलं होतं.

बाईंनी तीन ओळींचा राजीनामा लिहिला आणि स्वतः नेऊन दिला. खासनिसांनी तो दोनदा वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि म्हणाले, "मिळाला. मंजूर मात्र मला करता येणार नाही. घटनेचं कलम अकरा. राजीनामा सर्वसाधारण सभेने मंजूर करायचा, आणि सभेला गणपूर्ती हवी. एकवीस."

एकवीस हा आकडा १९६३ सालचा. तेव्हा मंडळात दीडशे लोक होते. आता यादीत पस्तीस उरले होते, आणि त्यातले सहा वारलेले. त्यांची नावं कमी करायचीही सभेनेच, आणि तिलाही एकवीस माणसं लागत. कॉम्प्युटरच्या ठरावाला कशी कोण जाणे तेवीस माणसं जमली होती. त्यानंतर मात्र सभेला आठ-नऊच्या वर डोकी दिसेनात. म्हणून चंद्रभागाबाई 'राजीनामा प्रलंबित' या सदराखाली मंडळात राहिल्या. दर सभेचं पोस्टकार्ड त्यांना येई, आणि कोपऱ्यात खासनिसांचं अक्षर असे: "आपण आल्यास आपला राजीनामा मंजूर होण्याची शक्यता एकाने वाढेल." बाई जात. दोन तास ऑफिसात कॉम्प्युटर चालवून आलेल्या बोटांनी हजेरीवहीत सही करत. ठरावाप्रमाणे त्यांना काढायला हवं होतं, पण काढायलाही सभाच लागत होती.

अशी दोन वर्षं गेली. मग १९९९च्या मे महिन्यात बाईंना औंधातल्या एका नव्या कंपनीतून बोलावणं आलं. ही कंपनी अमेरिकेतल्या घरांचे नकाशे पुण्यात काढून पाठवायची. तिथल्या आर्किटेक्टने संध्याकाळी कच्चं चित्र धाडायचं, इथल्या पोरापोरींनी दिवसभरात पक्कं करून द्यायचं. त्यांना हाताखाली बारा जण सांभाळील असा अनुभवी माणूस हवा होता, ज्याला भिंतीच्या आत वीट असते हे ठाऊक आहे. पगार दुप्पट. बाईंनी पहिल्याच चाचणीत एका घराचा जिना पकडला. तो वर जाऊन थेट न्हाणीघराच्या भिंतीवर आदळत होता. सगळे खूश झाले.

मग रुपाली नावाच्या एका चुणचुणीत मुलीने फॉर्म पुढे केला. "मॅम, इथे साइन. जस्ट फॉर्मॅलिटी."

बाईंनी वाचायला घेतलं. रुपालीने घड्याळाकडे पाहिलं. हा फॉर्म वाचणारं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं असावं. नवव्या कलमात लिहिलं होतं, की मी कोणत्याही कामगार वा व्यावसायिक संघटनेची सभासद नाही व नोकरीत असेपर्यंत होणार नाही.

"मी आहे," बाई म्हणाल्या.

"मॅम, कोण चेक करतंय? सोडून द्या ना."

"तेच तर करायचंय. अडीच वर्षं तेच करतेय."

रुपालीला काही कळलं नाही, पण तिने पंधरा दिवसांची मुदत दिली.

बाई बसने कसबा पेठेत गेल्या. वाटेत त्यांच्या लक्षात आलं की राजीनामा आपण रागाने दिला होता. आता राग कधीच गेला होता आणि राजीनामा तेवढा उरला होता. सही ठोकून मोकळं होणं सोपं होतं. पण तात्यारावांच्या मुलीला वाचलेल्या कागदावर खोटी सही करता येत नव्हती. आणि मंडळात राहून औंधच्या नोकरीवर पाणी सोडायचं, तर कल्याणी बारावीला होती.

खासनीस एकटेच हजेरीवही आखत बसले होते. ते नोकरी करायचे ते ऑफिस गेल्या वर्षी बंद झालं होतं. आता ते दुपारभर इथेच असत.

"जायचंच ठरलं का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगा, काय करू?"

"मी कार्यवाह आहे. मत देणं माझं काम नाही." मग म्हणाले, "पण एकवीस माणसं आपल्याला मिळायची नाहीत."

"हे मतच झालं की."

"ही माहिती झाली." त्यांनी सभासदांची यादी काढून पुढे केली. वारलेल्या सहांच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक फुली होती. "या सहांकडे जाऊ नका."

पुढचे दोन रविवार बाई संपतरावांच्या स्कूटरवर मागे बसून सभासद गोळा करत फिरल्या. कोथरूड झालं, हडपसर झालं. खडकवासल्याकडे एक सभासद ड्रॉइंग सोडून चिकूची बाग करत होते. त्यांनी चिकू दिले, पण वेळ द्यायला नाही म्हणाले. एकाने स्वच्छ विचारलं, "तुम्ही मंडळातून जाणार म्हणून सभा आहे?" बाई हो म्हणाल्या. "मग जरूर येतो." दुसऱ्याने दारातूनच सांगितलं, "मी तर समजत होतो मंडळ कधीच बंद पडलं. चालू आहे? अरेरे." तरी बाईंचं म्हणणं ऐकल्यावर बहुतेक जण यायला कबूल झाले. खासनिसांनी कोणासाठी काय केलं होतं ते एकेकाला आठवत गेलं. कोणाच्या साहेबांपुढे ते बसले होते, कोणाच्या मुलाच्या शाळेत गेले होते. सगळ्यांच्या तक्रारीही त्यांच्याचविषयी होत्या.

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी लोखंडी जिना सारखा वाजत राहिला. दहा वाजून वीस मिनिटांनी खासनिसांनी डोकी मोजली. मग परत मोजली. मग म्हणाले, "एकवीस. गणपूर्ती झाली आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिला विषय वारलेल्या सहांची नावं कमी करण्याचा. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. दुसरा विषय श्रीमती सरवदे यांचा राजीनामा. अध्यक्ष हेच सहांपैकी एक असल्यामुळे खासनीसच सभा चालवत होते. त्यांनी वाचलं, "कलम चौदा. ज्या सभासदाविषयी चर्चा असेल त्याने सभागृहाबाहेर जावे."

बाई उठल्या आणि बाहेर जिन्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

आतून गेनबांचा आवाज आला. "श्यामराव, आता वीसच राहिलो की."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई आत असल्या तर चर्चा करता येईना, बाहेर गेल्या तर सभाच राहीना. खासनिसांनी घटना पहिल्या पानापासून वाचायला घेतली. सगळे वाट पाहत बसले. दहा मिनिटांनी त्यांनी पुस्तक मिटलं आणि दाराकडे पाहिलं.

"सभागृह कशाला म्हणावं याची व्याख्या घटनेत नाही," ते म्हणाले. "बाई, आपण उंबरठ्यावर उभ्या राहा. चर्चेपुरत्या बाहेर, मोजणीपुरत्या आत."

तीस वर्षांत खासनिसांनी नियम वाकवलेला कोणी पाहिला नव्हता. त्यांचे कान लाल झाले होते. बाई उंबरठ्यावर उभ्या राहिल्या आणि स्वतःविषयीची चर्चा ऐकू लागल्या. राहा, असं कोणीच म्हणालं नाही. वाद झाला तो आभाराच्या ठरावातल्या एका शब्दावर. एकाने 'कार्यक्षम सभासद' असं सुचवलं. दुसऱ्याने हरकत घेतली, की त्यामुळे बाकीचे अकार्यक्षम ठरतात. शेवटी 'नियमित सभासद' यावर एकमत झालं, आणि राजीनामा मंजूर झाला. अडीच वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अमोनिया होताच म्हणा.

मग गेनबा उभे राहिले. "आयत्या वेळचा विषय. कॉम्प्युटरबंदीचा ठराव रद्द करावा. मी तीन वर्षं कॉम्प्युटरवर काम करतोय. खाली दुकानात कॉम्प्युटरवरचे नकाशे छापायचा प्लॉटर घेतलाय. पुतण्या वगैरे काही नाही." पाठोपाठ आणखी अकरा जण उभे राहिले. त्यातल्या कोणालाच पुतण्या नव्हता.

खासनिसांनी उभे राहिलेले बारा जण मोजले. मग हळूच म्हणाले, "बाईंचा राजीनामा मंजूर झालेला आहे. सभेत आता वीस जण आहेत. ठराव घेता येत नाही." आणि वही मिटली.

बाईंनी औंधच्या फॉर्मवर खरी सही केली. तीन वर्षं त्यांनी कॅलिफोर्नियातल्या लोकांना दोन-दोन मोटारींची गॅरेजं काढून दिली. बोपोडीच्या दोन खोल्या सोडून त्या मोठ्या घरात गेल्या. कल्याणी इंजिनिअरिंगला लागली. मग २००२ साली तिकडची कामं आटली आणि कंपनीने एका सोमवारी सगळा विभागच बंद केला. पोरी बाईंच्या टेबलाभोवती जमल्या. "मॅम, आता कोणाकडे जायचं?"

"कोणाकडे नाही," बाई म्हणाल्या. "तसं आपण लिहून दिलंय. कलम नऊ."

त्यांनी घरीच एक कॉम्प्युटर मांडला आणि कामं घ्यायला सुरुवात केली. महिन्याभरात खासनीस दारात हजर. हातात मंडळाचा नवा फॉर्म. बाई तो वाचू लागल्या. नव्याने येणाऱ्याने हाताने अक्षरं काढून दाखवायची, दोन सूचक आणायचे, एक वर्ष उमेदवारी करायची. बाई हसू लागल्या. खासनीस हसले नाहीत, पण ते म्हणाले, "परीक्षा मीच घेतो. अवघड नसते."

"नको," बाई म्हणाल्या. "आत होते तेव्हा बाहेर पडता येईना. आता बाहेर आहे तर आत यायला कोणी अडवत नाही. मी रविवारी येत जाईन. पाहुणी म्हणून."

"येऊन काय करणार?"

"शिकवीन."

बंदीचा ठराव कागदावर अजून तसाच होता. पण रविवारच्या वर्गाची नोंद वहीत 'इंग्रजी टंकलेखन' अशी होऊ लागली. अक्षर खासनिसांचंच होतं. वर्गाला बोपोडीची, जनता वसाहतीची, कसब्यातली पोरं यायची. त्यांना टिळक रोडवरची फी परवडणारी नव्हती. गेनबांनी दुकानातून वर आणलेल्या एकाच यंत्रावर बाई आळीपाळीने शिकवायच्या. खासनीस शेजारी खुर्ची घेऊन बसत. माउसला त्यांनी कधी हात लावला नाही.

एकदा बाईंनी जिन्याचा छेद, म्हणजे घर उभं कापल्यावर जिना दिसेल तसा नकाशा, काढून पडद्यावर दाखवला. खासनीस पुढे झुकले.

"सगळ्या रेघा सारख्याच जाड आहेत," ते म्हणाले. "कापलेली भिंत कुठली आणि मागची कुठली, गवंड्याला कळणार कसं?"

बाईंनी पाहिलं. खरंच होतं. अमेरिकेला तीन वर्षं नकाशे पाठवले, पण हे कोणी म्हणालं नव्हतं. त्यांनी कापलेल्या भिंतीची रेघ दुप्पट जाड केली.

"आणखी थोडी," खासनीस म्हणाले.

त्यांनी आणखी थोडी केली. मागच्या बाकावरची पोरं उठून पडद्याजवळ आली.